फिरती गाडी, पडीक गाडी

साताऱ्याजवळच्या एका गावात गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली येझदी रोडकिंग मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिच्या सीटवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. मालकाने पंचाने धूळ पुसून मीटर दाखवला. एकवीस हजार. "वडिलांनी जपून वापरली हो. ते गेल्यापासून कुणी हात लावला नाही." परतताना नाक्यावर एका दूधवाल्याची राजदूत दिसली. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हूक, गुडघे घासून टाकीचा रंग पत्र्यापर्यंत गेलेला, मीटर बंद. किती चालली असेल, विचारलं. "मोजतंय कोण?" म्हणाला आणि एका किकमध्ये निघून गेला.

मी येझदी घेतली. ते चुकलं, हे कळायला इंजिन उघडावं लागलं.

जुनी मोटरसायकल घेऊन ती पुन्हा उभी करण्याचं वेड महाराष्ट्रात आता ठिकठिकाणी दिसतं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनाला, गावोगावच्या जावा-येझदीवाल्यांचे मेळे भरतात. बरी आरएक्स १०० लाखाच्या खाली मिळेनाशी झाली आहे. अशा वेळी नवखा गिऱ्हाईक आधी मीटर बघतो, मग रंग आणि सगळ्यात शेवटी कागद. हा क्रम उलटा आहे. कारण जुन्या गाडीचं वाटोळं धावण्याने होतं त्याहून जास्त ती थांबल्याने होतं. या लेखात याच अंगाने सगळ्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे.

कोणत्या गाड्या?

आपल्याकडे 'व्हिंटेज' हा शब्द सैल वापरला जातो. विलायतेतल्या जुन्या गाड्यांच्या मंडळांत तो साधारण १९३० पर्यंतच्या गाड्यांनाच लावतात. इथल्या गॅरेजात मात्र १९८५ ची गाडीही व्हिंटेज ठरते. बाजारात खऱ्या अर्थाने फिरणारी घराणी चारच.

पहिलं जावा-येझदीचं. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांतून १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात जावा जन्मली. रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा'चा कारखाना काढला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून गाड्या निघू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, आणि गिअरचा लिव्हरच आत दाबून वर केला की किक, ही तिची ओळख.

दुसरं बुलेटचं. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डशी करार केला आणि ३५० सीसीचं तेच इंजिन, बारीकसारीक बदल होत, २०१० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. इतकी वर्षं एकच रचना टिकल्यामुळे सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत बुलेटचा हात कुणी धरू शकत नाही.

तिसरं राजदूतचं. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने १७५ सीसीची राजदूत काढली. दूधवाले, ग्रामसेवक, विमा एजंट यांची ही गाडी. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटाने तिच्या धाकट्या भावंडाला, जीटीएसला, नाव दिलं. चौथं यामाहाचं. १९८३ पासूनची राजदूत ३५०, म्हणजे जपानी आरडी ३५० चा भारतीय अवतार, आणि १९८५ ते १९९६ ची आरएक्स १००. आरडीचे भाग दुर्मीळ आणि महाग. आरएक्सचे मिळतात, पण त्यात नकलीच फार.

आकडा खरं बोलत नाही

या सगळ्या गाड्यांच्या मीटरला पुढच्या चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून येणारी केबल फिरवते. ही केबल तुटते, आणि तुटली की बहुतेक जण ती बदलत नाहीत, कारण गाडी केबलवाचूनही चालते. आकडे नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढे गेले की पुन्हा शून्य. त्यातून जुन्या बाजारात पाहिजे तो मीटर विकत मिळतो. माझ्या येझदीचे एकवीस हजार हे एकवीस असतील, एक लाख एकवीस असतील, नाहीतर केबल तुटल्या दिवशी गोठून गेलेले एकवीस असतील.

गाडीने खरी किती मजल मारली आहे, ते तिच्या अंगावर वाचायचं असतं. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचलावं आणि हँडल एका बोटाने सावकाश फिरवावं. मधोमध येऊन ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेटच्या वाट्यांना छऱ्यांनी खड्डे पाडले आहेत. मागचं चाक धरून आडवं हलवावं. चिमट्याच्या बुशात खेळ असेल तर हाताला टकटक लागते. किकच्या शाफ्टचे दाते, ब्रेक पॅडलचं घासलेलं रबर, स्प्रॉकेटचे हुकासारखे वाकलेले दाते, ड्रमच्या कडेला आलेली धार ही सगळी खरी नोंदवही. ती खोटी लिहायची तर मीटर बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो.

पण एवढं वाचूनही उत्तर अर्धंच मिळतं. जास्त चाललेल्या गाडीत जे झिजतं ते बहुतेक बदलण्यासाठीच केलेलं असतं. रिंगा, पिस्टन, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेटा, बुश, बेअरिंग. सिलिंडर झिजला तर बोअर करून पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठा पिस्टन घालता येतो. पायऱ्या संपल्या तर नवी स्लीव्ह बसवता येते. म्हणजे झीज ही हिशोबात धरलेली गोष्ट आहे.

पडून राहिलेल्या गाडीचं तसं नसतं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलबरोबर येणारं ऑइल हेच त्याचं वंगण. गाडी थांबली की ते पेट्रोल उडून जातं, दमट हवा आत येते आणि क्रँकच्या बेअरिंगांवर, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या रोलरांवर गंजाचे ठिपके पडतात. क्रँकचे ऑइल सील कडक होतात. बाहेरच्या बाजूच्या सीलमधून हवा ओढली गेली तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो आणि धरतो. आतल्या बाजूच्या सीलमधून गिअरबॉक्सचं ऑइल आलं तर गाडी धुराचा पडदा टाकत जाते. टाकीत आतून गंज, कार्ब्युरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा, ब्रेक शू ड्रमला धरलेले, फोर्कच्या नळ्यांवर खड्डे. बुलेटमध्ये ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बुलेटला ते न काढता किक मारली तर ती धूर ओकते आणि सांध्यासांध्यातून गळते.

माझ्या येझदीचं सिलिंडर उतरवलं तेव्हा पिस्टन खरोखर कमी झिजलेला निघाला. वडिलांनी गाडी जपली होती, यात खोटं नव्हतं. पण मिस्त्रींनी क्रँक हातात धरून फिरवला आणि वाळूत दगड फिरावा तसा आवाज आला. "साहेब, चालवून नाही, ठेवून मेलीय," एवढंच ते म्हणाले.

आधी कागद

गंज लोखंडाला लागतो तसा कागदालाही लागतो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यायचं. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क दुचाकीला ३०० रुपयांवरून १,००० रुपये झालं आणि उशीर झाल्यास दर महिन्याला ३०० रुपये दंड ठरला. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी शुल्क आणखी वाढलं. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. दहा वर्षं पासिंगविना पडलेल्या गाडीचा दंड सरळ गुणाकाराने ३६,००० होतो. प्रत्यक्षात किती भरावे लागतील, हे सौदा करण्याआधी आरटीओच्या खिडकीवर विचारून घ्यावं. 'कागद होऊन जातील हो' हे विकणाऱ्याचं वाक्य असतं. होऊन जात नाहीत, करून घ्यावे लागतात.

तपासायचं काय? जुन्या माणसांच्या भाषेतलं टी. सी. बुक किंवा आरसी अस्सल आहे का. मूळ मालक हयात आहे का. नसेल तर वारसांच्या नावावर चढवण्याची तयारी घरच्यांची आहे का. गाडीवर बँकेचा बोजा राहिला आहे का. मग चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि आलेला ठसा आरसीशी ताडून पाहायचा. अक्षरांची उंची, खोली, ओळ एकसारखी हवी. भोवतालचा पत्रा ग्राइंडरने घासलेला दिसला तर तिथूनच नमस्कार करावा. इंजिन नंबर जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे. त्यात गैर काही नसेलही, पण ते आरसीवर चढलेलं नसेल तर डोकेदुखी तुमची. 'एमएच' पाट्या यायच्या आधीच्या, म्हणजे १९८९ पूर्वीच्या, कित्येक गाड्यांची नोंद हातच्या रजिस्टरातच राहिली आहे. ती संगणकात चढवून घेणं, ज्याला बॅकलॉग म्हणतात, हे वेगळं काम. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि इथला कर. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी लागते.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूप राखलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे नूतनीकरणाला ५,०००. मान मोठा, पण अट अशी की ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे कायदा इथे गाडीला सन्मानाने पडीक करतो. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने पाच वर्षांचं साधं पासिंगच बरं.

इंजिन आणि लेथ

फुल इंजिनचं काम कसं होतं, हे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाहिलं. ऑइल इंजिन आणि फौंड्रीच्या धंद्यावर वाढलेल्या या वस्तीत अजूनही असे लेथवाले आहेत ज्यांना गाडीचं नाव सांगावं लागत नाही, भाग हातात घेतला की ते ओळखतात.

येझदीचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन. रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेसवर पिन दाबून काढायची, नवी रॉड-किट घालून पुन्हा दाबून बसवायची. खरी परीक्षा त्यानंतर. क्रँक दोन टोकांच्या सेंटरवर टांगला, कडेला डायल गेज लावला आणि कारागिराने तो बोटाने हळूच फिरवला. काटा थरथरला. त्याने गेज बाजूला केला, चकतीच्या एका कडेवर तांब्याच्या हातोडीने एकच घाव घातला, गेज पुन्हा लावला. काटा कमी थरथरला. पुन्हा घाव, पुन्हा गेज. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत काटा आला तेव्हा कुठे त्याने विडी पेटवली. घाव किती जोराचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. हे जमलं नाही तर नवं बेअरिंगही काही महिन्यांत ओरडायला लागतं आणि गिऱ्हाईक पार्टच्या नावाने बोटं मोडतो.

बोअरिंगचंही तसंच. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी ठेवायची असते. म्हणून पिस्टन आधी हातात घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा, 'पन्नासचा बोअर' असं तोंडी सांगून मोकळं होऊ नये. काम झाल्यावर पहिले आठशे-हजार किलोमीटर गाडी चढाला न ताणता, एकाच वेगात न रेटता चालवायची. रंगावर लाख उडवणारे इथे आठ दिवसही दम धरत नाहीत.

यामाहात आणखी एक फेरफार हमखास सापडतो. आरएक्स आणि आरडीला ऑइल आपोआप पुरवणारा पंप होता. कितीतरी गॅरेजवाल्यांनी तो बिघडल्यावर काढून टाकला आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायला सांगितलं. गाडी घेताना पंप आहे की नाही हे विचारलं नाही आणि कोरं पेट्रोल भरलं, तर घरी पोचेपर्यंत इंजिन धरलेलं असेल. बुलेटवाल्याने वेगळ्या गोष्टी शिकायच्या. अँपिअरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे न्यायची आणि मग अंगाचा भार टाकायचा. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला, ही सवय मोडण्याआधी वाहतुकीत जाऊ नये.

पार्ट आणि पेट्रोल

पुण्याची नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या ठिकाणी पायपीट केली की बरंच मिळतं. मिळणारा माल तीन प्रकारचा. कारखान्याच्या काळातला न वापरलेला, मेणकागदात गुंडाळलेला जुना साठा. हा सोन्याच्या भावाने जातो. दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला मूळ भाग, जो नीट पारखला तर सगळ्यात फायद्याचा. आणि नवी नक्कल, जिच्यात कधी दाते मऊ, कधी रबर ठिसूळ. माझा नियम असा झाला आहे की इंजिनाच्या आत जुना मूळ भाग किंवा चांगल्या कंपनीचं बेअरिंग, बाहेर नक्कल चालेल. सहा व्होल्टच्या गाडीचं वायरिंग मात्र सगळं नवं घालावं. जुन्या तारेला टेप मारत बसलात तर रात्री घाटात दिवा जातो.

पेट्रोल हा नवा प्रश्न आहे. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलच्या मानाने हवा कमी लागते. त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, आणि टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण म्हणजे ताप. मेन जेट एक-दोन माप वाढवणं, पेट्रोलचे पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे घालणं हे आता रिस्टोरेशनचाच भाग झालं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज फिरणाऱ्या गाडीत ते जळून जातं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत तळाशी साचून टाकी खातं. इथेही पुन्हा तेच. थांबलेल्या गाडीची शिक्षा जास्त.

एक कबुली द्यायला हवी. टू-स्ट्रोक गाड्या धूर सोडतात, न जळलेलं पेट्रोल हवेत टाकतात. २००० सालच्या कडक नियमांनी त्यांचा बाजार उठवला तो उगाच नाही. रविवारी चालवण्याची एक गाडी आणि रोज कचेरीला नेण्याची गाडी यात फरक ठेवलेला बरा. टायमिंग, जेट आणि ऑइलचं प्रमाण जागेवर असेल तर धूर पुष्कळ कमी होतो. ते न करता 'टू-स्ट्रोक म्हणजे धूर असणारच' म्हणणं हा आळस.

रंगाचे तीन पंथ

पहिला पंथ म्हणतो, आहे तशी ठेवा. उडालेला रंग, फिकी पडलेली रेघ ही गाडीची कमाई. दुसरा म्हणतो, कारखान्यातून आली तशी करा. तिसरा म्हणतो, मला आवडते तशी करीन. या तिसऱ्या पंथाने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. नोंदणीशी न जुळणारे मोठे बदल करण्याची मुभा त्यात नाही.

दुसऱ्या पंथाची अडचण कारागिरांची आहे. चांगलं क्रोम करायचं तर जुनं उतरवा, पत्रा घासा, निकेल चढवा, मग क्रोम. त्या रसायनांच्या सांडपाण्यावर निर्बंध आले आणि छोटी दुकानं मिटत गेली. उरलेल्यांपैकी काही जण निकेल चुकवतात, आणि एका पावसाळ्यात टाकीला फोड येतात. टाकीवरची सोनेरी रेघ ब्रशने एका दमात ओढणारे हातही मोजके. बुलेटच्या चेन्नईतल्या कारखान्यात ही रेघ हाताने ओढण्याची परंपरा आहे, हे त्या कामाच्या अवघडपणाचं प्रमाणपत्रच.

माझा कल पहिल्या पंथाकडे, पण एका अटीवर. रंग जुना असू दे, ब्रेक शू, टायर, स्पोक आणि केबली नव्या हव्यात. हौस दिसण्यात कमी पडली तर चालते.

मग घ्यावी का?

पैशांचा हिशोब कटु आहे. बुलेट आणि आरएक्स सोडल्यास घातलेला पैसा बहुधा परत येत नाही. वेळ त्याहून जास्त जातो. गॅरेजमध्ये जुन्या गाडीचं काम नेहमी 'मधल्या वेळात' होतं, आणि मधला वेळ दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत लांबतो. सगळ्यात दुर्मीळ वस्तू पार्ट नसून मिस्त्री आहे. येझदीचा क्लच कानाने जुळवणारी पिढी साठी-सत्तरीला आली आहे आणि त्यांच्या हाताखालची पोरं लॅपटॉप लावून गाड्या तपासतात. त्यात त्यांची चूक नाही. म्हणून गाडी शोधण्याआधी मिस्त्री शोधावा आणि तो ज्या गाडीचा, तीच गाडी घ्यावी.

निवडायची वेळ आली तर माझा सल्ला आता सरळ आहे. कागद चालू असलेली, रोज सुरू होणारी, लाखभर चाललेली मळकी गाडी ही गोठ्यातल्या चकचकीत गाडीपेक्षा बरी. तिचा आजार आवाजातून ऐकू येतो, धुरातून दिसतो, आणि एका वेळी एक असा बरा करता येतो. उभ्या गाडीत सगळे आजार एकदम निघतात, तेही पैसे देऊन झाल्यावर.

माझी येझदी शेवटी उभी राहिली. क्रँक, सील, टाकी, वायरिंग, दोन वर्षं. कामाच्या शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी माझ्याकडून आणखी पैसे मागितले. कशाला, विचारलं तर म्हणाले, मीटरची केबल. तुटलेलीच होती, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. एकवीस हजारांचा तो आकडा कधीपासून थिजला होता, देव जाणे. नवी केबल घातली आणि मी खंबाटकीच्या घाटापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा शेवटची दोन घरं हलली होती. तेवढाच आकडा खरा.